अल्पखर्चाची चित्रभाषा : सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांचा पुनर्विचार

प्रास्ताविक

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील बराच भाग विषयांच्या यादीतच अडकून पडलेला दिसतो. 'देवराई' म्हणजे स्किझोफ्रेनिया, 'नितळ' म्हणजे अंगावरील कोड, 'एक कप च्या' म्हणजे माहितीचा अधिकार, 'अस्तु' म्हणजे स्मृतिभ्रंश, 'कासव' म्हणजे नैराश्य अशी समीकरणे मांडली जातात. त्यांवर पुरस्कारांची नोंद चढवली की लेख पूर्ण होतो. आपल्या महाविद्यालयीन चर्चासत्रांतील निबंधही या प्रवृत्तीला अपवाद नाहीत. या पद्धतीत दिग्दर्शकाचा गौरव होतो. चित्रपट मात्र बाजूलाच राहतो. एखाद्या कादंबरीविषयी 'ती दुष्काळावर आहे' एवढेच सांगून थांबणाऱ्या समीक्षकाला आपण गंभीरपणे घेणार नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही सूट आपण सहज देतो.

प्रस्तुत लेखात या चित्रपटांकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे चित्रपट कमी पैशांत तयार झाले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि तिचा उल्लेख बहुधा कौतुकाच्या सुरात होतो. परंतु तो पैसा कोठून आला, कोणाचा होता आणि त्याने चित्रपटाच्या आशयाला व रूपाला कोणते वळण दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सुमारे पस्तीस वर्षांच्या या वाटचालीत पैशाचा स्रोत अनेकदा बदलला. त्याबरोबर पडद्यावर कोण बोलते आणि कोणाविषयी बोलले जाते, हेही बदलत गेले. या बदलाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

आणखी एक खुलासा येथेच करणे आवश्यक वाटते. कथा, पटकथा आणि संवाद हा प्रामुख्याने भावे यांचा प्रांत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेले सुकथनकर हे सहदिग्दर्शक तर होतेच, शिवाय अनेक चित्रपटांचे गीतकारही. भावे यांच्या निधनानंतरच्या श्रद्धांजलीपर लेखनात हे दुसरे नाव पुसट होत गेले. एका दिग्दर्शकाची एकच 'दृष्टी' शोधण्याची आपल्याला लागलेली सवय अशा जोडीपुढे अपुरी पडते.

संशोधनाकडून पडद्याकडे

भावे चित्रपटाकडे वळल्या त्या चाळिशी ओलांडल्यावर. राज्यशास्त्र व समाजशास्त्र यांचे शिक्षण, टाटा समाजविज्ञान संस्थेतील ग्रामीण कल्याणविषयक पदविका आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेतील अध्यापन अशी त्यांची पूर्वपीठिका होती. 'स्त्रीवाणी' या प्रकल्पासाठी त्या वस्त्यांतील कष्टकरी स्त्रियांच्या जीवनकथा नोंदवीत होत्या. त्यातून आठ दलित स्त्रियांच्या कथनांचा ग्रंथ १९८८ मध्ये गेल ऑमव्हेट यांच्या इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाला. येथे एक साधी पण मूलभूत अडचण उभी राहिली. ज्या स्त्रियांनी आपली आयुष्ये सांगितली, त्यांच्यातील अनेकींना ती छापील पाने वाचता येणार नव्हती. संशोधन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचवायचे असेल तर पाहण्याचे माध्यम हवे, या गरजेतून 'बाई' (१९८५) हा लघुपट जन्मला. सुकथनकर या निर्मितीपासूनच त्यांच्याबरोबर होते. या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १९८७ मध्ये 'पाणी' आला.

या प्रारंभाचे महत्त्व चरित्रात्मक माहितीपुरते नाही. मराठीतील बहुतेक दिग्दर्शक नाटकातून, साहित्यातून किंवा स्टुडिओतील उमेदवारीतून आले. भावे आल्या त्या मुलाखतीतून. मुलाखत घेणाऱ्याला समोरचा माणूस थांबला तरी थांबून राहावे लागते, त्याचे वाक्य आपण पुरे करून चालत नाही. त्यांच्या उत्तम चित्रपटांतील संथपणा हा बहुधा 'कलात्मक' म्हणून ओळखला जातो; वस्तुतः तो संशोधकाचा संथपणा आहे. पात्र विचार करीत आहे आणि कॅमेरा वाट पाहत आहे, अशी दृश्ये त्यांच्याकडे वारंवार आढळतात. कमी खर्चाच्या चित्रपटाला हा संथपणा परवडणारा नसतो, कारण चित्रीकरणाचा प्रत्येक दिवस पैशात मोजला जातो. तरीही तो राखला गेला, याचा अर्थ काटकसर अन्यत्र झाली. सेट, पोशाख, गर्दीची दृश्ये, तारांकित नट यांवरचा खर्च कमी करून वेळ विकत घेतला गेला. अल्पखर्चाची ही निवड चित्रभाषेचीच निवड ठरते.

'दोघी' आणि घर चालवणारा पैसा

'दोघी' (१९९५) हा त्यांचा पहिला कथापट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या साहाय्याने तयार झाला. १९६९ मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून 'भुवन शोम' निघाल्यापासून भारतात समांतर चित्रपटाची जी सरकारी आधाराची परंपरा सुरू झाली, तिच्या उतरत्या काळात 'दोघी' आला. खासगी वाहिन्यांची लाट तोवर घराघरांत शिरली होती.

कथा थोडक्यात अशी. गौरीच्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाला अपघात होतो व नवरदेव मरण पावतो. गाव तिला अपशकुनी ठरवते. वडील अंथरुणाला खिळतात, घराची दुर्दशा होते आणि मामाच्या सल्ल्याने आई गौरीला मुंबईला पाठवते. तिने पाठवलेल्या पैशावर घर सावरते, धाकट्या कृष्णाचे लग्न ठरते. त्या लग्नाला गौरी परत येते तेव्हा आईला तिचे तोंडही लोकांसमोर नको असते.

या चित्रपटाची चर्चा बहुधा 'वेश्याव्यवसायाची समस्या' या अंगाने होते. मला त्यातील अर्थव्यवहार अधिक मोलाचा वाटतो. मुंबई चित्रपटाच्या केंद्रस्थानी आणलेलीच नाही. आपण गावातच थांबतो, आईबरोबर आणि कृष्णाबरोबर. पैसा येताना पाहतो, पण तो कसा मिळतो हे पाहत नाही. यामागे खर्चाचा विचार असणारच, कारण महानगरातील चित्रीकरण महाग असते. परंतु त्यामुळे प्रेक्षक नेमका गावाच्या जागी बसवला जातो. गावाला सगळे ठाऊक आहे आणि काहीच ठाऊक नाही, अशी जी सोयीची अवस्था असते ती आपलीही होते. उत्तरा बावकर यांनी साकारलेली आई खलनायिका नाही. तिने हिशेब केला आहे आणि त्या हिशेबात एक मुलगी जमेला व एक खर्ची पडली आहे. बावकर यांच्या चेहऱ्यावरचा कठोरपणा हा स्वतःपासून लपण्यासाठी धारण केलेला कठोरपणा आहे. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी बहिणींमधील जो नाजूक तोल सांभाळला आहे त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो भाग येथे पुन्हा सांगत नाही.

कशेळे परिसरातील वर्गात हा चित्रपट दाखवताना आलेला एक अनुभव नोंदवण्याजोगा आहे. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांतील मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. या भागातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात व पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. चित्रपट संपल्यावर मी आईच्या नैतिक अपराधाविषयी प्रश्न विचारला. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने उत्तराऐवजी प्रतिप्रश्न केला : "मॅडम, मामाने किती उचल घेतली होती?" चित्रपटात असा व्यवहार स्पष्ट दाखवलेला नाही. तिने तो आपल्या अनुभवातून भरून काढला. मुंबईला पाठवणे हा तिच्या दृष्टीने मजुरीचा एक प्रकार होता आणि मजुरीला आगाऊ रक्कम असतेच. 'दोघी'च्या मध्यमवर्गीय वाचनाला ही बाजू दिसलेली नाही. शेवटाकडे येणारा सहृदय तरुण आणि त्याच्यासह उघडणारी सुटकेची वाट मात्र या मुलीच्या प्रश्नापुढे फारच सोपी वाटते. उभ्या चित्रपटाने जो हिशेब मांडला तो शेवटच्या काही मिनिटांत चांगुलपणाने फेडला जातो. ही सवय दिग्दर्शकद्वयाला पुढेही पुरती सोडता आली नाही.

वाडा आणि वर्ग

'वास्तुपुरुष' (२००२) हा माझ्या मते त्यांचा सर्वांत परिपूर्ण चित्रपट. राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला, पण आज तो 'कासव'च्या मानाने कमी पाहिला जातो. कूळकायद्यानंतर जमिनी गेलेले देशपांडे कुटुंब, ओसरत चाललेला वाडा, त्यात गुप्तधन शोधण्यासाठी चाललेली खणाखण आणि मुलाने डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करावी म्हणजे घराण्याचे पाप फिटेल, असा ध्यास घेतलेली आई. प्रौढ भास्करच्या भूमिकेत नाटककार महेश एलकुंचवार आहेत. 'वाडा चिरेबंदी'च्या लेखकाला दुसऱ्याच एका पडक्या वाड्यात उभे करण्यातील सूचकता मराठी प्रेक्षकाला वेगळी सांगावी लागत नाही.

एकच वाडा, मोजकी माणसे आणि सरकणारा काळ. खर्चाच्या दृष्टीने याहून सोयीची रचना नाही आणि आशयाच्या दृष्टीने याहून आवश्यक रचनाही नाही. एका वास्तूच्या चार भिंतींत जमीनसुधारणेचा इतिहास दाखवणे हे भव्य पुनर्निर्मितीतून साधले नसते. येथे आमच्या परिसराचा एक संदर्भ अपरिहार्यपणे आठवतो. कर्जत-चौक भागात नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये भव्य स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटाचे राजवाडे तेथे उभे राहिले. २०२३ मध्ये देसाई यांचा त्याच स्टुडिओत दुःखद अंत झाला आणि त्यामागील कर्जाच्या ओझ्याची चर्चा देशभर झाली. देसाई हे श्रेष्ठ कलादिग्दर्शक होते, त्यांच्या कर्तृत्वाशी येथे तुलना करावयाची नाही. एवढेच लक्षात घ्यावे की, बांधलेला वाडा आणि सापडलेला वाडा यांतून इतिहासाकडे पाहण्याच्या दोन निरनिराळ्या रीती जन्मतात. बांधलेल्या वाड्यात ऐश्वर्य दाखवता येते. पडझड दाखवायची तर भिंतीला तिची स्वतःची वर्षे असावी लागतात.

त्याच वर्षीचा 'दहावी फ' आम्हा शिक्षकांना अधिक जवळचा, आणि म्हणून अधिक अडचणीचा. गुणांनुसार तुकड्या, शेवटच्या तुकडीतील मुलांचा रोजचा अपमान, त्या रागातून प्रयोगशाळेची मोडतोड आणि मग अतुल कुलकर्णी यांनी उभ्या केलेल्या शिक्षकाच्या साहाय्याने मुलांनी कष्ट करून केलेली भरपाई. पुण्यात प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचा आधार या कथेला आहे. अनेक महाविद्यालयांत आणि शिक्षक-प्रशिक्षणात हा चित्रपट आजही दाखवला जातो. दाखवल्यानंतर आपण सर्वजण त्या एका चांगल्या शिक्षकाशी तादात्म्य पावतो. बाकीच्या शिक्षकखोलीशी कोणीच पावत नाही. चित्रपटाने तुकडीपद्धतीवर प्रश्न उभा केला, तरी त्याचे उत्तर एका व्यक्तीच्या गुणवत्तेत शोधले. भरपाई मुलांनी केली. ज्या व्यवस्थेने त्यांना 'फ' ठरवले तिने काय भरले, हे अनुत्तरित राहते. चित्रपटगृहांत मात्र त्याला चांगला प्रतिसाद मिळाला, आणि या दिग्दर्शकद्वयाच्या बाबतीत ही गोष्ट नेहमीची नव्हती.

ज्यांचा प्रश्न, त्यांचा पैसा

'देवराई' (२००४) पासून निर्मितीचे स्वरूप बदलले. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने आणि पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या सहभागाने हा चित्रपट उभा राहिला. वाणी यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. त्यानंतर 'नितळ' (२००६) च्या मागे डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' ही कोड असलेल्यांसाठी काम करणारी संस्था होती.

भारतीय चित्रपटात लोकवर्गणीची उदाहरणे नवीन नाहीत. 'मंथन' (१९७६) गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून झाला. केरळात जॉन अब्राहम यांच्या 'ओडेसा' गटाने गावोगाव वर्गणी गोळा करून 'अम्मा अरियान' (१९८६) काढला. परंतु 'देवराई'चा प्रकार यांहून निराळा आहे. ओडेसाचा वर्गणीदार भावी प्रेक्षक होता. 'देवराई'मागे उभा असलेला माणूस त्या दुःखाचा साक्षीदार होता. रोग्याच्या भावाला, पत्नीला, आईला खोटे दाखवून फसवता येत नाही. स्किझोफ्रेनिया झालेला माणूस हिंदी चित्रपटात खुनी किंवा विदूषक म्हणून येत होता, त्या काळात 'देवराई'तील शेष हा हुशार, हट्टी, कधी असह्य आणि कधी हळवा असा पूर्ण माणूस म्हणून येतो. या अचूकतेचे श्रेय अतुल कुलकर्णी यांच्या अभिनयाला आहेच. तितकेच ते त्या पहिल्या, जाणत्या प्रेक्षकालाही आहे.

धोकाही याच ठिकाणी होता. संस्थेला जागृती हवी असते आणि जागृतीला स्पष्टीकरण हवे असते. म्हणून डॉक्टरचे पात्र येते आणि प्रेक्षकाला समजावून सांगू लागते. 'देवराई'त हा ताण स्पष्ट जाणवतो. एकीकडे कोकणातील ती राई आहे. शेषच्या मनात ती इतकी वाढत जाते की झाड आणि भ्रम यांतील सीमा प्रेक्षकालाही सांगता येऊ नये. दुसरीकडे पुण्यातील दवाखाना आहे, जेथे प्रत्येक गोष्टीला नाव आहे. चित्रपट श्रेष्ठ ठरतो तो राईमुळे. शीर्षकही त्यांनी आजारावरून न घेता राईवरूनच घेतले, यात दिग्दर्शकांचा कल दिसतो. 'नितळ'मध्ये अशी राई नाही. तेथे देविका दफ्तरदार यांनी साकारलेली नायिका स्वतःच डॉक्टर आहे, सुजाण आहे, कुटुंबातील आक्षेप एकामागून एक मांडले जातात आणि त्यांचे निरसन होते. हेतू निर्मळ आहे. परंतु ज्या नायिकेला आपल्याविषयी काही शोधायचेच उरलेले नाही तिच्याबरोबर प्रेक्षक तरी कोठे जाणार? 'नितळ' चांगला की वाईट यापेक्षा तो संस्थेच्या किती जवळ उभा राहिला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

'एक कप च्या' (२००९) हाही एका अर्थी माहितीपर चित्रपट. पण त्यात विनोदाने वाट काढली. कोकणातील एस.टी. कंडक्टर काशिनाथ सावंत याला त्र्याहत्तर हजार रुपयांचे वीजबिल येते आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तो अर्ज करतो. अर्ज लिहिणे, तो स्वीकारला जाणे, उत्तराची वाट पाहणे, अपिलाची मुदत यांत नाट्य असू शकते हे मराठी चित्रपटाने तोवर फारसे ओळखले नव्हते. ज्यांनी तहसील कार्यालयात जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातले आहेत, त्यांना हे नाट्य समजावून सांगावे लागत नाही. किशोर कदम यांचा काशिनाथ अर्जाचा कागद ज्या जपणुकीने हाताळतो, तेवढ्या एका तपशिलात अनेक भाषणे मावतात.

सांभाळणारे हात कोणाचे?

'अस्तु' (२०१३) पासून डॉ. मोहन आगाशे हे नट म्हणून व निर्माते म्हणून या चित्रपटांचा कणा झाले. आमच्या भागाला आगाशे निराळ्या नात्याने परिचित आहेत. ठाकर जीवनावर आधारलेल्या जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (१९७७) मधील नाग्या त्यांनीच केला होता. पेशाने मनोविकारतज्ज्ञ असलेल्या या नटाने 'अस्तु'त संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री साकारले. स्मृती विरत चाललेले शास्त्री मुलीच्या गाडीतून उतरून एका हत्तीच्या मागे चालू लागतात आणि हरवतात. माहुताच्या कुटुंबात ते पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कन्नड बोलणारी. तिला हा म्हातारा कोण, किती विद्वान, हे ठाऊक नाही. तो तिच्याकडे आई म्हणून पाहू लागतो आणि ती त्याला लेकरासारखे सांभाळते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भाषेचे जे अभ्यासक आहेत त्यांनी या चित्रपटाकडे पुन्हा पाहावे असे मला सुचवावेसे वाटते. ज्याने आयुष्यभर शब्दांचा संग्रह केला त्याच्याजवळचे शब्द गळून पडतात, आणि ज्या स्त्रीची भाषाच त्याला येत नाही तिच्याशी त्याचा संवाद होतो. संवादलेखनाचा पुरस्कार शब्दांपलीकडे गेलेल्या या चित्रपटाला मिळावा, हे योग्यच झाले.

तथापि येथे एक अस्वस्थ करणारा प्रश्न आहे आणि तो टाळून या वाटचालीचा विचार पुरा होणार नाही. १९८५ मध्ये 'बाई'त वस्तीतील कष्टकरी स्त्री ही चित्रपटाचा विषय होती, कर्ती होती आणि अपेक्षित प्रेक्षकही होती. २०१३ मध्ये तशीच कष्टकरी, भटकी स्त्री सुशिक्षित घरातील दुःखाचा आसरा होते. चन्नम्माला माया आहे, पण तिचा इतिहास किती आहे? शास्त्रींच्या घरातील मुलींना भूतकाळ आहे, अपराधभाव आहे, आपसातील वाद आहेत. चन्नम्माच्या वाट्याला मुख्यत्वे औदार्य येते. माहुताची अडचण चित्रपट विसरत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही शास्त्री घरी पोहोचल्यावर ते हत्तीचे कुटुंब पुढे कोणत्या गावी गेले, याची चिंता आपल्याला लागत नाही, आणि ती न लागण्याची व्यवस्था चित्रपटानेच केलेली असते.

'कासव'मध्ये हीच मांडणी अधिक परिष्कृत झाली. आत्महत्येच्या काठावर असलेला तरुण मानव (आलोक राजवाडे), त्याला कोकणातील घरी आणणारी जानकी (इरावती हर्षे), कासवांच्या संवर्धनात गुंतलेले दत्ताभाऊ, गाडी चालवणारा यदू आणि आईबापांविना वाढणारा परशू. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट. जानकी मानवला काही विचारत नाही, हे या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश. उपदेशाचा मोह येथे जवळजवळ पूर्णपणे आवरला आहे. अंडी घालून परतणाऱ्या कासवीसारखी ती अंतर राखून माया करते. परंतु न विचारण्याची ही चैन ज्या घरात शक्य आहे ते घर मोठे आहे, तेथे नोकरमाणसे आहेत, समुद्र आहे आणि सवड आहे. परशूला कोणीही नाही, तरी तो आनंदी आहे. मानवला सर्व काही उपलब्ध आहे आणि तो दुःखी आहे. ही तुलना सूचक आहे, पण तिच्यात गरिबाच्या आनंदाविषयीचा एक जुना गोड समज डोकावतो. वीटभट्टीवर बालपण घालवलेल्या मुलांना शिकवताना तो समज टिकवणे कठीण जाते.

यातून भावे यांची वर्गीय दृष्टी मर्यादित होती असा सरळ निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पैशाचा स्रोत येथे विचारात घ्यावा लागतो. 'बाई'मागे संशोधनप्रकल्प होता, 'दोघी'मागे सरकारी महामंडळ. दोन्ही आधार पुढे आटले. नंतर जो आधार उरला तो शहरी, सुशिक्षित, मानसिक आरोग्याविषयी जागरूक अशा वर्गाचा. या वर्गाने उदारपणे पैसा दिला आणि आपले प्रश्नही दिले. कातकरी पाड्यावरचे नैराश्य कोणत्या संस्थेच्या अर्थसाहाय्याने पडद्यावर यावे? त्या पाड्याची संघटना चित्रपट काढण्याच्या स्थितीत नाही. 'ज्यांचा प्रश्न, त्यांचा पैसा' हे तत्त्व जितके प्रामाणिक आहे तितकेच ते ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांना वगळणारे आहे.

'दिठी' आणि प्रेक्षकापर्यंतचे अंतर

'दिठी' हा भावे यांचा अखेरचा चित्रपट. दि. बा. मोकाशी यांच्या 'आता आमोद सुनांसि आले' या कथेवर तो आधारलेला आहे. मुलगा पुरात वाहून गेलेला रामजी लोहार, घरात बाळंत झालेली विधवा सून, पाऊस, पोथी वाचणारे वारकरी सोबती आणि अडलेली गाय. रामजीचे दुःख कोणी समजावून सांगत नाही. येथे डॉक्टर नाही, जागृती नाही, संस्था नाही. निर्मिती आगाशे यांचीच, पण शहरी सुजाण माणूस पडद्यावरून पूर्ण बाहेर गेला आहे. गाय मोकळी करण्यासाठी रामजीला बोलावणे येते आणि ज्या हातांना गेल्या काही दिवसांत काहीच करता आले नव्हते, ते हात कामाला लागतात. किशोर कदम यांनी या दृश्यखंडात चेहऱ्याने फारसे काही केलेले नाही. खांदे आणि मनगटे यांनी केले आहे. अध्यात्माविषयी बोलणाऱ्या मराठी चित्रपटांत इतके शारीरिक दृश्य क्वचित सापडेल. 'बाई'तील कष्टकरी माणूस जवळजवळ पस्तीस वर्षांनी पुन्हा कोणाचाही आसरा म्हणून न येता, स्वतःच्या दुःखाचा धनी म्हणून येथे परततो.

१९ एप्रिल २०२१ रोजी भावे यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभराने, २१ मे रोजी, 'दिठी' सोनी लिव्ह या मंचावर प्रदर्शित झाला. टाळेबंदीच्या काळात चित्रपटगृहे बंद होती, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. त्याआधीही या चित्रपटांना चित्रपटगृहांनी फारसा थारा दिला नव्हता. 'अस्तु' तयार झाल्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, २०१६ मध्ये प्रदर्शित झाला आणि आगाशे यांनी तो गावोगावी, डॉक्टरांच्या व कुटुंबीयांच्या मेळाव्यांत स्वतः नेला. सुवर्णकमळ मिळालेला 'कासव'ही ऑक्टोबर २०१७ पर्यंत थांबला. कशेळ्यासारख्या गावात चित्रपटगृहच नाही. येथे हे चित्रपट पोहोचले ते महाविद्यालयाच्या प्रोजेक्टरवरून, खिडक्यांना सतरंज्या लावून केलेल्या अंधारात.

ज्या स्त्रियांना छापील पाने वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी सुरू झालेला हा उद्योग शेवटी वर्गणी भरून, भ्रमणध्वनीवर पाहण्याच्या मंचावर पोहोचला. 'दिठी' वर्गात दाखवायचे ठरवले तेव्हा ती वर्गणी आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून भरली. भीमाशंकरच्या पायथ्याकडील पाड्यांवरून येणाऱ्या मुलांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला. गाय अडल्याच्या दृश्यात त्यांच्यापैकी दोघेजण दबक्या आवाजात रामजीला सूचना देत होते, वासराचे पाय आधी कसे वळवावेत ते.